चौदा इंची चाकं आणि एक लाल रेघ

महावीर,

तू बाजूला काढून ठेवलेले चार टायर सापडले. तुझ्या दुकानाच्या माळ्यावर, ट्रॅक्टरच्या ट्यूबांच्या मागं, गोणपाटाखाली. तुझी त्रिशला शिडीवर चढली होती आणि मी खाली उभा राहून एकेक टायर झेलत होतो. चौदा इंची, चारही एकाच कंपनीचे, चारही एकाच आठवड्यात बनलेले. प्रत्येकावर तू खडूनं 'दत्त्या' असं लिहून ठेवलं होतंस. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं नाव जरा नीट लिहावं, एवढंही तुला जमलं नाही. मी हसलो. तुझी पोरगीही हसली. मग मला तिथल्याच स्टुलावर बसावं लागलं, आणि ती पाणी आणते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. चौकातल्या फलकावर तुझा फोटो लागला आणि त्याखाली 'मितभाषी, मनमिळाऊ' असं छापलं होतं. कुणी लिहून दिलं कुणास ठाऊक. मितभाषी! तू टायरवर बोलायला लागलास की समोरच्याचा चहा थंड व्हायचा. आणि मनमिळाऊ म्हणावं, तर गिऱ्हाइकाला तोंडावर 'तुला टायरची न्हाय, ड्रायव्हरची गरज हाय' असं सुनावणारा मंगळवार पेठेत तूच एक होतास. तेव्हा फलकावरचं काही मी इथं लिहिणार नाही. मला तुझ्याशी एका चाकाबद्दल बोलायचं आहे. ते तीन वर्षं राहून गेलं आहे.

गाडीपासूनच सुरुवात करतो. आपण शाळेपासूनचे. तू वडिलांच्या टायरच्या दुकानात बसलास, मी उद्यमनगरात फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासायला लागलो. पंचेचाळिशीत माणसं गुडघ्यांची औषधं विचारत फिरतात. आपण दोघांनी भागीत एक जुनी पांढरी हॅचबॅक घेतली, मागची सीट काढून टाकली आणि शहराबाहेरच्या ट्रॅकवर न्यायला लागलो. महिन्यातला एक रविवार तिथं आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी राखलेला असतो. आपली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं, फी भरायची आणि दिलेल्या वेळात ट्रॅकवर फिरवायची. बक्षीस नाही, नंबर नाही. आपणच आपली वेळ मोजायची आणि पुढच्या महिन्यात ती अर्ध्या सेकंदानं कमी झाली की महिनाभर शहाण्यासारखं वागायचं. घरी समजावून सांगताना माझी दमछाक झाली. तू मात्र वहिनींना एवढंच सांगितलंस की दत्त्याच्या नादाला लागलोय. सगळं खापर माझ्यावर फोडून मोकळा झालास.

पहिल्या रविवारी तिथली तरुण पोरं इंजिनात काय काय केलं ते एकमेकांना दाखवत होती. तू सगळ्यांच्या गाड्यांभोवती हात मागं बांधून एक फेरी मारलीस. बॉनेट एकाचंही बघितलं नाहीस. नुसता खाली वाकून टायर बघत होतास. एकानं अभिमानानं विचारलं, "काका, इंजिन बघायचं न्हाय काय?" तू म्हणालास, "रस्त्याला तुझं इंजिन टेकतंय व्हय? टेकतोय टायर. आन् तो तुझा सहा वर्षाचा म्हातारा झालाय, मर्दा." मग गुडघ्यावर बसून त्याला टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवलेस. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि वळणावर धरत नाही, हे तू नखानं रबर दाबून त्याला पटवलंस. त्या दिवसापासून तुझ्या दुकानासमोर ट्रॅकच्या गाड्यांची रांग लागायला लागली.

तुझं शास्त्र साधं होतं आणि माझ्यासारख्या पगारी माणसाच्या आवाक्यातलं होतं. चाक जेवढं लहान, टायर तेवढा स्वस्त, म्हणजे झिजला तरी माणूस दुसरा घेऊ शकतो. रस्त्याचे टायर वेगळे, ट्रॅकचे वेगळे, आणि ट्रॅकचे टायर साध्या लोखंडी डिस्कवर, म्हणजे चाकाच्या रिमवर, चढवून ठेवायचे. पुढचे दोन भारी आणि मागचे दोन हलके असा शहाणपणा करायचा नाही, चारही सारखेच. रबर फार मऊ नको, ते दोन रविवारांत संपतं. फार कडकही नको. सगळ्यात महाग टायर तर मुळीच नको, कारण आपल्याला अजून गाडी चालवायला येत नाही. हे शेवटचं तू माझ्याकडं बघून म्हणायचास.

आणि तो खडू. ट्रॅकवर जायच्या आधी तू प्रत्येक टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, खडूच्या तीन आडव्या रेघा ओढायचास. मी पाच फेऱ्या मारून आलो की तू पहिल्यांदा माझं तोंड बघायचा नाहीस, त्या रेघा बघायचास. किती पुसल्या त्यावरून टायर वळणावर किती लोळला ते तुला कळायचं. मग तळवा रबरावर ठेवून डोळे मिटायचास. वैद्यानं नाडी बघावी तसा. "पुढच्या डावीकडची दोन पौंड हवा काढ," म्हणायचास, आणि पुढच्या फेऱ्यांत गाडी खरोखर सुधारायची. माझ्या उभ्या नोकरीत मी इतकी स्वस्त आणि इतकी अचूक तपासणी पाहिलेली नाही. हे तुला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी म्हणायचो, "अंदाजपंचे बोलतोयस, लागला म्हणून लागला."

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं आणि ते कधी मिटलं नाही. मला पंधरा इंची अलॉय पाहिजे होते, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं. तुला चौदाची लोखंडी डिस्क. मी म्हणायचो, अलॉय हलका असतो, सगळं जग तेच वापरतं. तू म्हणायचास, चांगला अलॉय हलका असतो आणि तो आपल्याला परवडत नाही. परवडतो तो जाडजूड असतो. शेवटी एका सकाळी तू एक लोखंडी डिस्क आणि कुणाचा तरी पंधराचा अलॉय रिक्षात टाकलास आणि मला मार्केट यार्डात गुळाच्या अडत्याकडं घेऊन गेलास. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, शेजारी आपण चाकं वजनाला ठेवली. अडत्या म्हणाला, "ह्ये काय आणलाईसा पावणं, ह्याचा सौदा हितं निघत न्हाय." अलॉय जवळजवळ किलोभर जड निघाला. तू नुसता गुळाचा खडा तोंडात टाकून माझ्याकडं बघत राहिलास. येताना रिक्षात मी म्हणालो की हा अलॉय वाईट होता, सगळे तसे नसतात. तू म्हणालास, "व्हय की. आन् तो चांगला तुझ्याच नशिबात हाय."

मला तो सापडलाच, हे माझं दुर्दैव. हातकणंगल्याला एक जण अपघातातली गाडी मोडून विकत होता. तिच्यावर चार पंधराचे अलॉय होते, नामांकित बनावटीचे, खरोखरच हलके, आणि भावही परवडणारा. मी तुला ओढत घेऊन गेलो. चाकं दोरीला टांगून मी खिशातली छोटी हातोडी काढली आणि एकेकावर हलकेच वाजवली. फौंड्रीत मी हेच करतो. आत तडा असेल तर कास्टिंग बद्द वाजतं, चांगलं असेल तर घणघणतं. वीस वर्षं मी कानावर पोट भरलं आहे आणि त्याचा मला माज होता. चारही चाकं छान वाजली.

तू एका चाकाच्या आत हात फिरवत होतास. "आतनं नव्यानं रंगवलंय रे ह्ये. बाहेरनं जुनं आन् आतनं नवं, असं कशाला?"

विकणारा म्हणाला, "गंज लागू नये म्हणून, पावणं."

"अ‍ॅल्युमिनियमला गंज?" तू म्हणालास. मग मला बाजूला घेतलंस. "दत्त्या, तुमच्या फौंड्रीत ते लाल पाणी हाय न्हवं, तडा शोधायचं? एकडाव लावून बघ की. मग पैसं दे."

ते लाल पाणी काय असतं ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तुला मीच दाखवलं होतं. धातू स्वच्छ करून त्यावर लाल रंग फवारायचा, थोडा वेळ थांबून पुसून काढायचा आणि वर पांढरी भुकटी मारायची. डोळ्यांना न दिसणारा तडा असला तर त्यात मुरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अर्ध्या तासाचं काम. माझ्या टेबलावर तो फवारा रोज उभा असतो.

मी म्हणालो, "माझा कान हाय की. मला शिकवालायस व्हय कास्टिंग?"

लोखंडावर घडलेला कान मी अ‍ॅल्युमिनियमला लावला. आणि तोही तुझ्यासमोर लावला, कारण गुळाच्या काट्यावरची हार मला परत करायची होती. तू खांदे उडवलेस. "तू त्यातला. तुझं तू बघ."

शनिवारी संध्याकाळी मी चाकं आणि टायर घेऊन तुझ्या दुकानात आलो. उशिरा आलो, तीही चूक माझीच. सूर्य मावळायच्या आत तुला घरी जाऊन अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, करायचं होतं. तुझ्या घरात दिवस मावळल्यावर ताट मांडत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. तीन चाकं तू तुझ्या पद्धतीनं बसवलीस. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावून, हवा भरताना कान लावून, कड रिमवर 'टक' करून बसली की मान हलवून. चौथ्या चाकाला वहिनींचा फोन आला. तू हवा भरलीस, बोट फिरवलंस, म्हणालास, "झालं, जा," आणि शटर ओढलंस. ते चौथं चाक म्हणजे आतून रंगवलेलंच होतं.

रविवारी तिसऱ्या फेरीत, लांब सरळीनंतरच्या उजव्या वळणावर पुढचं डावं चाक, तेच चौथं, हवा जाऊन एकदम बसलं. गाडी गवतात गेली, दोनदा फिरली आणि टायरच्या भिंतीवर जाऊन आदळली. माझा डावा हात मनगटात मोडला. एवढ्यावरच निभावलं. तू धावत आलास तेव्हा तुझ्या पायात एकच चप्पल होती. मला दवाखान्यात तूच नेलंस. प्लास्टर घालून बाहेर आलो तेव्हा बाकावर बसला होतास, तळवे उलटे करून बघत होतास. "कड बसली नव्हती, दत्त्या," म्हणालास. "टक ऐकू आलं न्हाय मला. मी घाई केली. पोटासाठी घाई केली."

त्या क्षणी मला खरंच वाटलं की तसंच झालं असेल. तेवढा तरी मी तेव्हा निर्दोष होतो.

तिसऱ्या दिवशी फौंड्रीत, सगळे जेवायला गेले असताना, मी ते चाक टेबलावर घेतलं. एका हाताला प्लास्टर, एका हातात फवारा. लाल मारला, पुसला, पांढरी मारली. रिमच्या आतल्या बाजूला, नव्या रंगाच्या बरोबर खाली, वितीएवढी लाल रेघ हळूहळू वर आली. जुना तडा कुणीतरी वेल्डिंग करून बुजवला होता, घासून सारखा केला होता, वरून रंग मारला होता, आणि तो पुन्हा उलला होता. हवा तिथून गेली होती. तुझी कड व्यवस्थित बसली होती, महावीर. घाईतसुद्धा तुझा हात चुकला नव्हता.

मी काय केलं ते आता लिहितो. ते चाक मी शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात नेलं आणि भट्टीत टाकायला लावलं. उभा राहून ते वितळताना बघितलं. तू दोन दिवसांनी विचारलंस, "ते चाक कुठाय? मला बघू दे तरी." मी म्हणालो, "भंगारात दिलं, तोंड बघवंना त्याचं." तू मान हलवलीस. एवढं सोपं होतं ते. एक वाक्य, आणि तेही तुझ्याच दुकानात, तुझाच चहा पीत बोललेलं.

का केलं? त्या वेळी मी स्वतःला म्हणालो की प्लास्टर निघालं की सांगू, हसत हसत सांगू. मग वाटलं की ट्रॅकवर सगळ्यांत बभ्रा होईल, कास्टिंग तपासणाऱ्यालाच तडकलेला रिम गळ्यात मारला म्हणून लोक हसतील, फौंड्रीत पोहोचेल. खरं सांगायचं तर लाल पाणी लावून बघ म्हणणारा तू होतास, हेच मला सोसत नव्हतं. हरायचं तर कुणापुढंही हरलो असतो, तुझ्यापुढं नको होतं. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी तुझ्या हातावर तो ठपका राहू दिला.

आणि मग भाद्रपदात क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी त्या दिवशी तू बस्तीतून, तुमच्या जैन मंदिरातून, थेट माझ्या घरी यायचास, पांढरे कपडे, हात जोडलेले, आणि वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा, असं म्हणायचास. मी दरवर्षी तेच उत्तर द्यायचो, "केलं माफ, बस, चहा घे." तुमच्यात समोरच्यानंही क्षमा मागायची असते हे मला ठाऊक होतं. मी कधी मागितली नाही. म्हणायचो, मी कशाला मागू, मी काही केलेलंच नसतं. वर्षानुवर्षं ही आपली थट्टा होती.

त्या वर्षी तू आलास आणि बसला नाहीस. उंबऱ्यातच उभा राहिलास. म्हणालास, "दत्ता, दर वर्षी रीत म्हणून म्हणतो. ह्या खेपेला त्या चाकासाठी मागतोय. तुझ्या जिवावर बेतलं असतं. उत्तम क्षमा." दत्त्या नाही, दत्ता म्हणालास.

माझ्या तोंडात शब्द आले होते. देवाशपथ आले होते. आणि मी काय म्हणालो? "केलं माफ. बस, चहा घे."

माझ्या गुन्ह्याची माफी मी तुला दिली. तू डोळे पुसलेस आणि चहा घेतलास. त्या चहाचा कप मी कधीही विसरणार नाही.

त्यानंतर तू ट्रॅकच्या गाड्यांचं काम बंद केलंस. पोरं यायची, विनवायची. तू म्हणायचास, "रस्त्याच्या गाडीचं सांगा, ते न्हाय जमायचं." ट्रॅकवर यायचास, पण थर्मास घेऊन कठड्याशी उभा राहायचास. आपल्या गाडीवर परत चौदाच्या डिस्क आल्या, त्यांना टायर मी दुसरीकडून बसवून आणायचो. मी पाच फेऱ्या मारून आलो की तुझे डोळे आपोआप टायरच्या खांद्याकडं जायचे, तिथं खडूच्या रेघा नसायच्या, आणि तू लगेच दुसरीकडं बघायचास. तुझ्या त्रिशलानं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, तुझ्याहून चांगला हात आहे तिचा, तिला हेच काम करायचं होतं. तू तिला एकही ट्रॅकची गाडी हातात घेऊ दिली नाहीस. "बापाची एक चूक झाली ती बास," म्हणायचास. ती मला म्हणायची, काका, तुम्ही सांगा की त्यांना. मी म्हणायचो, बघू. तीन वर्षं मी 'बघू' म्हणत होतो.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. आवाजात जुनी खुमखुमी होती. "चौदाचे चांगले आलेत. ताजे हैत, तीन आठवड्यांचे. तुझ्यासाठी ठेवलोय चार. दत्त्या, ह्या खेपेला मीच बसवतो. तू म्होरं उभा ऱ्हा आन् प्रत्येक कड बसलेली तुझ्या कानानं ऐक." किती दिवस मनाशी झगडून तू तो फोन केला असशील. मी हो म्हणालो आणि ठरवलं, त्याच दिवशी, पहिली कड बसायच्या आत सांगून टाकायचं. शनिवार ठरला होता. तू गुरुवारी गेलास.

म्हणून चार दिवसांपूर्वी त्या स्टुलावर मला बसावं लागलं. त्रिशला पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं टायर भिंतीला लावून ठेवले आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "काका, एक विचारू? त्या दिवशी खरंच बाबांची चूक झालती? आई म्हणते तेव्हापासनं त्यांची झोप गेलती."

महावीर, मला अजूनही एक सोपी वाट होती. 'जाऊ दे गं, झालं गेलं' म्हणता आलं असतं. ती विश्वासही ठेवणार होती. ओळखीचंच वाक्य होतं ते, जिभेवर तयार होतं.

मी तिला सगळं सांगितलं. हातकणंगले, हातोडी, लाल पाणी, भट्टी, चहा. काही गाळलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला हातानंच परत पाठवलं. माझं संपल्यावर तिनं कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. मग तुझ्याच आवाजात, तुझ्यासारखीच सरळ म्हणाली, "तुम्ही आत्ता घरी जावा काका. मला तुमचं तोंड बघायचं न्हाय."

मी उठलो. शटरपर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, "आन् ह्ये आईला तुम्हीच सांगायचं. आजच. मी सांगणार न्हाय."

वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून तुझ्या फोटोसमोर गेल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ते दर रात्री उठून हात धुवायचे. साबण राहिलाय म्हणायचे." एवढंच. मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि रंकाळा तलावापर्यंत चालत गेलो, कशासाठी ते मला माहीत नाही. मी तीन वर्षांत ज्याला क्षुल्लक म्हणत होतो ते तुझ्या घरात रोज रात्री उठत होतं.

दोन दिवस कुणाचा फोन नाही. काल दुपारी त्रिशलाचा आला. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. म्हणाली, "चार डिस्क घेऊन या. तारेच्या ब्रशनं घासून आणा. आन् ते लाल पाणी घेऊन या."

मी घेऊन गेलो. तुझ्या दुकानासमोर, फुटपाथवर, दिवसाउजेडी आम्ही चारही लोखंडी डिस्क तपासल्या. मी फवारत होतो आणि ती पुसत होती. पांढरी भुकटी मारून आम्ही दोघं वाट बघत उकिडवे बसलो. तुझी जुनी गिऱ्हाइकं जाता जाता विचारत होती, काय चाललंय. चारही पांढऱ्या राहिल्या, एक रेघ उमटली नाही. मग तिनं साबणाचं पाणी लावलं, टायर चढवले, हवा भरायला लागली आणि मला म्हणाली, "कान लावा." मी वाकलो. टक. चार चाकांच्या दोन-दोन कडा, आठ वेळा. प्रत्येक वेळी ती माझ्याकडं बघत होती आणि मी मान हलवत होतो, तू हलवायचास तशी.

शेवटी तिनं गल्ल्यातून तुझा खडू काढला. प्रत्येक टायरच्या खांद्यावर तीन रेघा ओढल्या. 'दत्त्या' मात्र पुसलं नाही. म्हणाली, "रविवारी मी येणार हाय. पाच फेऱ्या मारून आलासा की माझ्याशी बोलायचं न्हाय. आधी मी रेघा बघणार."

तेव्हा रविवारी ट्रॅकवर जातोय. चौदाच्या लोखंडी डिस्कवर जातोय, भांडण तू जिंकलास. चाकं तुझ्या पोरीनं बसवली आहेत. क्षमावाणीला अजून पुष्कळ महिने आहेत आणि त्या दिवशी माझ्या उंबऱ्यात कुणी येणार नाही, म्हणून थांबत नाही. एवढी वर्षं तू म्हणायचास आणि मी नुसता चहा द्यायचो. आज मी म्हणतो.

उत्तम क्षमा, महावीर.